सासूबाईंच्या गळ्यातला दोर

मुलुंड (पूर्व)
शुक्रवार, ८ फेब्रुवारी १९८५

चि. सौ. सुगंधा हिस,

सासूबाईंच्या गळ्यातला दोर निघत नाही. या पत्राचं कारण तेवढंच आहे. दिवाळीपासून आपण दोघी जावा एकमेकींशी बोलत नाही, ते तसंच चालू ठेवायला माझी हरकत नाही. परंतु दोराची शेवटची गाठ तुझ्या पद्धतीची आहे, तेव्हा ती कशी सोडवायची हे कळवणं तुझं काम आहे.

हकिगत अशी. सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. पंचवीस तारीख मिळाली आहे. सगळं नक्की झाल्यावर नर्स म्हणाली, "अंगावर धातू चालणार नाही. मंगळसूत्र घरी काढून ठेवा." झालं. सासूबाई तिथल्या तिथे बाकावरून उठल्या. "गळो मोकळो ठेवन मी खयसर जावचंय नाय. डोळो नको माका."

मी नर्सला विचारलं, दोऱ्यात ओवलेले काळे मणी चालतील का? ती म्हणाली, चालतील, पण गळ्यालगत हवेत, लोंबता कामा नयेत. मामंजींनाही ते पटलं. आता दोऱ्याच्या गाठी मारून दागिने करणं हे काही मला नवीन नाही. दिवाळीपर्यंत आपण दोघींनी याच घरात बसून असले हार केले आणि अर्ध्या मुलुंडातल्या कॉलेजच्या मुलींच्या गळ्यात घातले. तेव्हा मी तुझ्यावाचून हे करू शकत नाही असं कोणी समजण्याचं कारण नव्हतं.

अडचण एवढीच, की दोर बांधून पूर्ण होईपर्यंत सोनं काढू द्यायला सासूबाई तयार नव्हत्या. आणि हूक लावायचा नाही, कारण हूक म्हणजे धातू. मग फळीवर टाचून हार करतो तसा न करता तो त्यांच्या गळ्यातच गाठवत गेले. फळीच्या जागी सासूबाई. फळी बोलत नाही हा तिचा केवढा गुण आहे, ते मला त्या दुपारी कळलं. शेवटी दोन बोटं जातील एवढी सैल जागा ठेवून तुझी ती बंद गाठ मारली, टोकं आत ओवली, वरून गोंद लावला. मगच सोनं उतरलं आणि कपाटात गेलं. काम नीटनेटकं झालं होतं. हे तूही मान्य केलं असतंस.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी डोक्यावरून आंघोळ केली आणि दोर आखडला. आता दोन बोटं सोड, एक करंगळी जात नाही.

दोरी आधी उकळून वाळवली नव्हती. तू उकळून घेत असायचीस हे मला ठाऊक आहे. स्वयंपाकघरात वास भरतो म्हणून ते पातेलं मी बंद केलं होतं, आणि तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. शेजारच्या क्षमाचा हारही धुतल्यावर आखडला. ती तो आता मनगटात घालते. तो वेगळा विषय आहे.

गाठ न कापता कशी सोडवायची ते उलट टपाली कळव. कापण्याची सूचना करू नये. ती मी करून पाहिली आहे.

प्रकृतीस जपावे असं लिहिण्याचा प्रघात आहे, म्हणून लिहिते.

वनमाला


मुलुंड
मंगळवार, १२ फेब्रुवारी

चि. सौ. सुगंधा,

तुझं पाकीट मिळालं. पोस्टमननं ते हातानं चाचपून पाहिलं आणि विचारलं, "बाई, राखी एवढ्यात?" आत वीतभर दोरी, तिच्या शेवटाला तुझी गाठ, अर्धवट सोडवलेली. कागदाचा एक चिटोरा नाही. मी बी.ए. झाले त्या वर्षी पेपरात जे विचारतील ते सोडवण्याची तयारी होती, पण दोरीचं निबंधासारखं रसग्रहण करायला कोणी शिकवलं नव्हतं.

तरी ते केलं. टोक कुठून ओढायचं, कोणता फेर आधी ढिला करायचा, हे तुझ्या तुकड्यावरून समजलं. तुकड्यावरची गाठ मी भाताला उकळी येईपर्यंत सोडवली. नंतर सासूबाईंना खिडकीपाशी बसवलं आणि तेच गळ्यावर करायला घेतलं. फरक असा, की तुकडा सुका आहे, सैल आहे आणि तो "टोचतस गो, टोचतस" असं म्हणत नाही.

क्रोशाची सुई झाली. आकडा झाला. मग मामंजी पुढं सरसावले. गिरणीत विणकाम खात्यात आयुष्य गेल्यामुळे धाग्याचं सगळं आपल्यालाच कळतं असा त्यांचा समज आहे. "तेल घाल, सरकतलो," म्हणाले आणि माझी वाट न बघता खोबरेलाची बाटली आणली. दोर तेल प्यायला आणि आणखी फुगला. त्यानंतर त्यांनी गिरणीतल्या पद्धतीनं एक टोक सोडवलं आणि ते हरवू नये म्हणून त्याची दुसरी गाठ मारून ठेवली. आता दोन गाठी आहेत. सगळ्या घराला खोबरेलाचा वास येतो.

बाजारातल्या पटवेकऱ्यालाही घरी बोलावून आणलं. मंगळसूत्रं गाठवण्यात ज्याचा हात धरणारा नाही, तो माणूस. त्यानं सासूबाईंची मान इकडे वळवली, तिकडे वळवली.

"कुणी बांधला हा?"

"मी."

"मग तुम्हीच सोडवा," असं म्हणून चहा पिऊन तो गेला. त्याला चहा देण्याची आवश्यकता नव्हती. ह्यांनी दिला.

कात्रीचं सांगते, म्हणजे तू ती सुचवणार नाहीस. मी म्हटलं, आई, दुसरा सैल दोर आधी बांधते, मग हा कापू. गळा एक क्षणही मोकळा राहणार नाही. त्यांनी गळ्यावर दोन्ही हात धरले. "कातर लावलंस तर माझ्या घोवाक लावलंस."

मामंजी खुर्चीत होते. म्हणाले, "अगो, माका इचार तरी. माझी कायएक हरकत नाय. काप."

"तुमका कोण इचारता?"

तेव्हा कात्रीचा प्रश्न मिटला.

हे म्हणजे तुझे मोठे दीर, त्यांचं या सगळ्यावर एकच वाक्य आहे. वर्तमानपत्र खाली न करता म्हणतात, "सुगंधाला बोलाव." मी त्यांना सांगितलं, लेखी कळवलेलं आहे.

दुसरा तुकडा पाठवलास तर सोबत दोन ओळी लिहिण्याचे कष्ट घ्यावेत.

वनमाला


मुलुंड
शुक्रवार, १५ फेब्रुवारी

सुगंधा,

काल लवू भावजी येऊन गेले. ते तुझे नवरे असले तरी माझे दीर आहेत, आणि निरोप्याचं काम त्यांना शोभत नाही. शोभत नाही म्हणूनच की काय, ते सगळं एका दमात बोलून मोकळे झाले.

"वहिनी, ती म्हणते गाठ पत्रानं सुटत नाही."

"मग तिला यायला सांगा."

"ती म्हणते, बोलावणं कुठाय? एका पत्रात 'कळव' आहे, दुसऱ्यात 'लिही' आहे. 'ये' कुठंच नाही."

"एवढं सविस्तर लिहिलं, त्यात काय ते आलंच."

"नाही आलं ना. मीपण वाचली. दोनदा."

मग त्यांनी तुझी अट सांगितली. महिला मंडळाच्या अध्यक्षा रत्नप्रभाबाई, त्यांच्याकडे जाऊन मी सांगायचं की प्रदर्शनातले हार कोणी केले होते. ते सांगितलं की तू येशील.

या विषयावर मी एकदाच लिहीन. दिवाळीआधीच्या प्रदर्शनात आपण दोघी टेबलामागे बसलो होतो. रत्नप्रभाबाई आल्या, हार उचलून पाहिला, आणि तुझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "ह्या कोण?" मी म्हटलं, "ही माझी मदतनीस." आता यात लागण्यासारखं काय आहे? 'धाकटी जाऊ' म्हटलं असतं तर घरगुती कारभार वाटला असता. आपण तिथं विक्रीला बसलो होतो, मंगळागौरीला नाही. दोरी तू उकळत होतीस, रंग तू देत होतीस, गाठी निम्म्याहून जास्त तू मारत होतीस, शेवट तर सगळेच तुझ्या हातचे. पण गिऱ्हाइकाशी बोलणं, नमुन्यांना नावं देणं, वेळेत काम उरकून घेणं, टेबलावर स्वच्छ चादर अंथरणं, हे कोण करत होतं? मदतनीस हा चांगला शब्द आहे. मी शाळेच्या कार्यालयात नोकरीला असताना आम्ही तो आदरानं वापरत असू.

तू उठलीस आणि हातात अर्धा हार तसाच घेऊन निघून गेलीस. पाठीमागं दोरीचा रंगीत गुंडा उलगडत दारापर्यंत गेला, तो मला सगळ्यांदेखत गोळा करत आणावा लागला. आठवड्याभरात गोरेगावची खोली मिळाली म्हणून तुमचं बिऱ्हाड हललं. खोली आधीपासून बघून ठेवली होती, असं मी सर्वांना सांगते.

फळीविषयीही भावजी बोलले. स्टुडिओत सुतारकाम करताना उरलेल्या प्लायवूडची त्यांनी आपल्याला फळी करून दिली होती, हे खरं आहे. 'आपल्याला' म्हणजे या घराला. तिच्या मागच्या बाजूला कुठल्याशा सेटवरच्या राजवाड्याची अर्धी खिडकी रंगवलेली आहे, आणि ती भिंतीकडे तोंड करून माझ्या कपाटामागे सुरक्षित आहे. त्याहून अधिक मला काही सांगायचं नाही.

आता महत्त्वाचं. आज सकाळी डोळ्याच्या डॉक्टरांकडे तपासणी होती. त्यांनी सासूबाईंना उताणं झोपायला सांगितलं. त्या झोपल्या आणि खोकल्या. डॉक्टरांनी पदर बाजूला केला, दोर पाहिला, मला विचारलं, "हे कुणी केलं?" आजकाल सगळे तेवढंच विचारतात. म्हणाले, ऑपरेशनमध्ये पेशंट खोकला तर डोळा जाईल. हे काढून किंवा ढिलं करून आणा, नाहीतर तारीख सोडा. पुढची पावसाळ्यानंतर.

सासूबाईंना फार आनंद झाला. रिक्षात बसेपर्यंत त्या हसत होत्या. "बरा झाला. दिसता तितक्या पुरे."

किती दिसतं ते तुला सांगते. परवा दूधवाल्याला 'लवू इलो' म्हणून आत घेतलं आणि त्याला विचारलं, बायको कशी आहे. आणि गेल्या महिन्यात पदराचं टोक स्टोव्हवर गेलं. जळाल्याचा वास आला म्हणून मी पळत आले. त्या तशाच उभ्या होत्या, त्यांना वाटलं माझं दूध उतू गेलं. तो पदर मी कापून किनार शिवली आहे. घरात कुणाला सांगितलेलं नाही.

त्यांना ऑपरेशनला तयार करायला मला वर्ष लागलं. ही तारीख गेली तर त्या पुन्हा तयार होणार नाहीत.

तुझी अट मी वाचली, म्हणजे ऐकली. विचार करते आहे असा याचा अर्थ काढू नये.

वनमाला


मुलुंड
मंगळवार, १९ फेब्रुवारी

चि. सौ. सुगंधा,

काल दुपारी रत्नप्रभाबाईंकडे गेले होते. दुसऱ्या कामासाठी गेले होते. बोलण्याच्या ओघात सांगायचं ते सांगितलं. नेमके कोणते शब्द वापरले ते विचारू नकोस.

मी एवढी तयारी करून गेले आणि त्यांनी मला वाक्यही पुरं करू दिलं नाही. म्हणाल्या, "अहो वनमालाबाई, ते आम्हाला टेबलाशीच कळलं होतं. त्यांची बोटं निळी-लाल झाली होती. तुमच्या हातांना रंगाचा ठिपकासुद्धा लागलेला नव्हता." आणि हसल्या. त्यांच्या घरातल्या खिडक्या फार लहान आहेत. मला गुदमरल्यासारखं झालं म्हणून लवकर उठले.

निघताना म्हणाल्या, चैत्रातल्या हळदीकुंकवाला पुन्हा टेबल मांडा, पण पाटीवर नाव कुणाचं घालायचं ते आधी ठरवून या. मी म्हटलं, कळवते.

घरी येऊन बघते तर सासूबाई नेसून, पिशवी भरून दारात बसलेल्या. पिशवीत मिश्रीची डबी, एक लुगडं आणि पितळी तांब्या. मामंजी त्यांच्या मागे खुर्ची घेऊन उभे, कारण त्या जमिनीवर बसायला तयार होत्या आणि ते बसू देत नव्हते.

"आई, कुठं निघालात?"

"सुगंधाकडे."

"अहो, तीच येईल. मी पत्र टाकलंय."

"ती येवची नाय आणि तू बोलवचंस नाय. तुमी दोघी बसा मानपान करीत. मधी माझो गळो अडाकलो."

मी म्हटलं, रस्ता लांबचा आहे, दम लागेल. तर म्हणाल्या, "दम ह्या दोरान लागता, रस्त्यान नाय." मामंजी म्हणाले, "मीव येतंय." त्यांना कसंबसं घरी थांबवलं. त्यांनी रस्त्यात आणखी एखादी गाठ मारली असती.

सासूबाईंना थोपवलं आहे ते गुरुवारच्या बोलीवर. तेव्हा गुरुवारी सकाळी मी त्यांना रिक्षानं पवईवरून घेऊन येते. दोर आहे तसाच आहे. त्यांनी आंघोळ सोडली आहे, त्याबद्दल तुझ्याकडे आल्यावर आश्चर्य दाखवू नये. चहात साखर कमी. मान वाकवता येत नाही, त्यामुळे त्या बशीतून पितात आणि ती बशी कोणीतरी धरावी लागते.

मी दारात थांबेन. आत ये म्हणालीस तर विचार करीन.

वनमाला


मुलुंड
रविवार, १४ एप्रिल

प्रिय सुगंधा,

आता आपण बोलतो, तरी पत्रच लिहिते, कारण बोलताना तू मध्येच हसतेस.

त्या गुरुवारी तुझ्या दारात मी उभी राहिले आणि तू 'या' म्हणायच्या आत सासूबाई मला बाजूला सारून आत गेल्या, त्यामुळे मला विचार करण्याची संधी मिळाली नाही. ते एका परीनं बरं झालं. रिक्षात दोन तास त्यांनी मान ताठ धरली होती आणि प्रत्येक खड्ड्याला माझं नाव घेतलं होतं. पवईपाशी रिक्षावाल्यानं विचारलं, "आजी, मानेला काय झालं?" तर म्हणाल्या, "सून शिकलेली आसा." ही गोष्ट मी त्या दिवशी तुला सांगितली नव्हती. आता सांगायला हरकत नाही.

गाठ तू ज्या प्रकारे सोडवलीस ते मला आरोग्याच्या दृष्टीनं पसंत नाही. कोमट पाण्याचा बोळा ठेवून गोंद विरघळवलास इथवर ठीक होतं. पण पुढं तू दातांनी धरलंस. सासूबाईंच्या मानेत तोंड घालून, खोबरेल, मिश्री आणि पंधरवड्याची आंघोळ नाही, अशा परिस्थितीत. त्या ओरडल्या, "चावतस काय गो?" आणि तू तोंडात दोर धरूनच "हं" म्हणालीस. मग त्या हसायला लागल्या, मान हलली, गाठ तुझ्या दातांतून सुटली आणि तू पुन्हा धरलीस. मी बशी धरून उभी होते. बशीतला चहा माझ्या हातून सांडला तो मी हसल्यामुळे सांडला असं भावजी सगळीकडे सांगतात. ते खरं नाही. बशी गरम होती.

तू तुकडा पाठवूनही मला ते का साधलं नाही हेही तेव्हा समजलं. दात पोस्टानं पाठवता येत नाहीत.

आणि दोर सुटण्याआधी तू आपल्या फडताळातून उकळून वाळवलेली दोरी काढलीस आणि सैल दोर आधी बांधून घेतलास, हे मी पाहिलं. दोरी मोजून, कापून, मणी ओवून तयार होती. एवढी तयारी पंधरा मिनिटांत होत नाही. म्हणजे तू दुसरा तुकडा न पाठवता पहिल्या पत्रापासूनच ती करून ठेवली होतीस. मी त्याबद्दल तिथं काही बोलले नाही. इथंही बोलत नाही.

ऑपरेशनच्या दिवशी तू इस्पितळात होतीस, ते सगळं तुला माहीत आहे. काल भिंगाचा चष्मा आला, ते माहीत नाही. म्हणून सांगते.

ह्यांनी सासूबाईंना चष्मा घातला. त्यांनी आधी भिंत पाहिली, पंखा पाहिला, पंख्यावरची धूळ दाखवली. मामंजींना पाहिलं आणि म्हणाल्या, "दाढी करीत जावा." नंतर दोन्ही दोर पाहिले. गळ्यातला तुझा आरशात, न काढता, आणि सुटलेला जुना, जो त्यांनी उशाखाली ठेवला होता. जुना चष्म्यासमोर धरला.

"ह्यो कोणी बांधलेलो?"

"मी."

"वाटलाच. हयसर वाकडो आसा."

एकदा डोळा सुधारला म्हणजे सगळंच दिसणार, हे धरून चालायला हवं होतं. मग त्यांनी दोर खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"केस पिकले गो तुझे. कधी?"

मी म्हटलं, झाली काही वर्षं.

"माका कोणी सांगूक नाय," म्हणाल्या, आणि चष्मा काढून पदरानं पुसत बसल्या. काच स्वच्छ होती. किनार शिवलेला पदर हाताला लागला तेव्हा थांबल्या, शिवण बोटानं चाचपली, पुन्हा चष्मा घालून ती शिवण पाहिली. शिवण सरळ आहे, एवढंच म्हणाल्या.

सोनं परत घालू का विचारलं, तर नको म्हणतात. दोरच बरा, हलका आहे, चोर ओढत नाहीत आणि खाली वाकलं की ताटात पडत नाही. मामंजींची हरकत आहे का असं यावेळी मी त्यांच्यादेखत विचारलं. ते म्हणाले, "माका कोण इचारता?"

गल्लीतल्या चार बायकांनी तो पाहिला. चौघींना तसाच हवा आहे. मी त्यांना सांगितलं, मोजमाप मी घेते, पण करणारीला विचारून मग तारीख देईन.

हळदीकुंकू पुढच्या रविवारी. रत्नप्रभाबाईंना पाटीचं कळवलं आहे. आज हे तुझ्याकडे येत आहेत, त्यांच्या हाती सामान देते. नोंद खाली केली आहे. ती तपासून, सही करून, हाच कागद परत पाठव. फळी टॅक्सीच्या टपावर बांधून येईल. बांधायला मामंजींनी हात लावलेला नाही, त्यामुळे सुटेल.

वनमाला


दिल्या वस्तूंची नोंद

फळी, एक, खिळ्यांसह. लवू भावजींनी केलेली. मागे राजवाड्याची अर्धी खिडकी, रंग शाबूत. फळी सुगंधाची आहे.

दोरी उकळण्याचं पातेलं, एक. झाकण दुसऱ्या पातेल्याचं आहे, परंतु बसतं. वास गेलेला नाही.

जुना दोर, एक, अखंड, कात्री न लागलेला. सासूबाई सोडायला तयार नव्हत्या. नमुना म्हणून दिला आहे, कसा करू नये याचा. परत करावा.

क्षमाचा मनगटातला हार, सैल करून देण्यासाठी.

पाटी, एक. पूर्वी 'वनमाला हस्तकला' असं होतं, त्यावर पांढरा हात देऊन 'सुगंधा हस्तकला' असं लिहिलं आहे. अक्षर माझं. रंग अजून ओला आहे, कडेनं धरावी.

घेणार : (इथे सही)

साक्षीदार : सासूबाई. चष्मा घालून कागद स्वतः बघायचा आग्रह धरला. वाचता येत नाही, तरी पुष्कळ वेळ बघितला आणि अक्षर बारीक काढलंस म्हणाल्या. मग अंगठा दिला.

देणार : सौ. वनमाला राऊळ, बी.ए., मदतनीस.